चैत्रगौरीचे दिल्लीतील माहेर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील चैत्र हळदीकुंकू समारंभात ज्येष्ठ सभासद भगिनींच्या वतीने केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत मंडळाने केलेली नाटके, भरविलेल्या व्याख्यानमाला आणि साजरे केलेले गणेशोत्सव यांचा आढावा या महोत्सवात योग्य व्यक्तींनी घेतलाच आहे. आम्ही ज्या गोष्टींविषयी बोलणार आहोत, त्यांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडावयाची नाही. त्या स्वयंपाकघरात आणि सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात घडल्या, आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासून फडताळात गेली की संपल्या. तरीही आपले मंडळ त्यांच्यावरच उभे आहे, असे आमचे नम्र मत आहे.

दिल्लीचा वसंत आणि आपला वसंत यांचे वेळापत्रक जुळत नाही, हे येथे नव्याने आलेल्या प्रत्येकीच्या लवकरच ध्यानात येते. माघात वसंतपंचमीला इकडच्या शिवारात मोहरी पिवळीधमक होते. फाल्गुनात रस्त्याकडेची काटेसावर लाल फुलांनी भरते, रिजवर पळस पेटतो, आणि आपला चैत्र उजाडावा तो इकडे ऊन तापू लागलेले असते. दिल्लीकर ज्याला वसंत म्हणतो, तो आपल्या गुढीपाडव्यापर्यंत परतीच्या वाटेला लागलेला असतो. पण चैत्र अगदीच रिकाम्या हाताने येत नाही. नव्या दिल्लीच्या रस्त्यांवरील कडुनिंबांना कोवळी तांबूस पालवी फुटते आणि बैसाखीच्या सुमारास, म्हणजे १३ एप्रिलच्या आगेमागे, गव्हाची कापणी सुरू होते. नोएडा स्थापन झाले ते १९७६ साली. त्या काळात यमुनेचा पूल ओलांडला की बसच्या खिडकीतून पिकलेला गहू दिसे, आणि देशावरून आलेल्या आम्हा कित्येकींना क्षणभर आपल्याच गावच्या वेशीवर आल्यासारखे वाटे. गुढीसाठी साखरेची गाठी मिळाली नाही तर आम्ही बत्ताशांची माळ ओवीत असू. पाला मात्र कधी विकत घ्यावा लागला नाही.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. ती महिनाभर माहेरपणाला आलेली असते, म्हणूनच तिला आंबेडाळ, पन्हे, कलिंगडाच्या फोडी, भिजविलेले हरभरे असे थंडावा देणारे पदार्थ. आता यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिल्लीच्या शाळांच्या परीक्षा आणि नवे वर्ग मार्च-एप्रिलमध्ये, आणि उन्हाळी सुटी लागावयाची ती मेच्या मध्यास. म्हणजे आम्हाला सुमारे चौदाशे किलोमीटरांवरच्या माहेरी जावयास सवड मिळे, तोपर्यंत गौर आपल्या सासरी परतलेली असे. जिला स्वतःला चैत्रात माहेर नाही, तिने देवीचे माहेरपण करावयाचे, हा या शहरातील चैत्रगौरीचा अर्थ होता. त्या काळी तो आम्ही कधी बोलून दाखविला नाही. हात मात्र तो अर्थ जाणून राबत होते.

या माहेरपणाची सामग्री जमविणे सोपे नव्हते. उत्तरेतील आंबा जून-जुलैत पिकणारा, त्यामुळे चैत्रात येथील झाडांवर बाळकैऱ्याच. पाडाला आलेली आंबट कैरी दक्षिणेकडून येई तेव्हा मंडईतून पिशवीभर आणून ती सगळ्या घरांत वाटून घेतली जाई. नारळ महाग, म्हणून डाळीवर खोबरे जपून पडे. पुरणाला गूळ मुझफ्फरनगरकडचा, डाळ आणि गहू येथले, आणि पितळी पुरणयंत्र तेवढे ट्रंकेत घालून पुण्याहून आगगाडीने आणलेले. घरात विचारावयास सासू नाही, आई नाही. अशा वेळी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने आमच्या पिढीवर फार उपकार केले. ‘अंदाजाने घालावे’ याऐवजी वाटी-चमच्याचे माप तिथे मिळाले. परमुलखातील नवख्या गृहिणीला यापेक्षा मोठा धीर कोणता?

दुसरा धीर शेजारणींनी दिला. आमच्या अनेक शेजारणी १९४७ साली लायलपूर, रावळपिंडी, मुलतान येथून निर्वासित होऊन आलेल्या पंजाबी भगिनी होत्या. पाडव्याच्या दिवशीच त्यांचे चैत्र नवरात्र बसते. आमच्या तव्यावर पुरणपोळी फुगत असावी आणि शेजारी उपास चालू असावा, असा प्रकार दरवर्षीचाच. त्यांच्या वाट्याच्या पोळ्या मग नवमीनंतर नव्याने होत. अष्टमी-नवमीला आमच्या चिमुरड्या मुलींना त्या कंजक म्हणून घरी नेत, त्यांचे पाय धूत, हलवा-पुरी आणि काळे चणे त्यांच्या ताटलीत वाढीत. आमच्या ओटीत भिजलेले हरभरे आणि त्यांच्या प्रसादात शिजलेले चणे, एवढाच काय तो फरक.

भट्टीची विद्याही त्यांचीच. घरची कणीक, तूप आणि साखर डब्यांत भरून बेकरीत न्यावयाची, आपल्यासमोर पीठ मळून घ्यावयाचे, आणि तासाभराने ऊन ऊन बिस्किटांनी भरलेला पत्र्याचा डबा घरी आणावयाचा. वार्षिक परीक्षा संपली की मुलांना या फेरीची कोण घाई! आपल्याकडे नानकटाई अशीच भाजून आणीत, त्यामुळे रीत अगदीच अनोळखी नव्हती. पुढे घरोघरी ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन आले आणि भट्टीची फेरी कमी झाली. तरी पहिल्या घाण्यातील चार बिस्किटे शेजारी द्यावयाची, हा नियम टिकला.

आम्ही माहेर दूर म्हणून हळवे होत असू. या भगिनींचे माहेर तर सरहद्दीपलीकडे राहिलेले, जेथे कोणतीही आगगाडी त्यांना नेणार नव्हती. तरी आमच्या गौरीपुढे त्या हात जोडून बसत आणि पन्ह्याचा पेला दोन्ही हातांनी घेत. दूर असणे आणि नसणे यांतील अंतर आम्हाला त्यांच्यामुळे कळले.

मराठी घरांत आईचे, पत्नीचे, शेजारणीचे आभार मानण्याची पद्धत नाही. ‘आभारी आहे’ हे शब्द सभेत शोभतात, घरात म्हटले तर परके वाटतात. आपली कृतज्ञता ताटावाटे चालते. पहिला घास देवाला, पहिली पोळी गाईला, नव्या धान्याचे पुरण शेजारी, आणि घरी आलेल्या सवाशिणीची ओटी. रीत सुंदर आहे. पण तिच्यात एक उणीव आहे. जी दिवसभर पुरण वाटते, तिच्या ताटात शेवटची, पुष्कळदा फाटलेली पोळी येते. घराने तिला काय दिले, हे विचारावयाचे राहून जाते. आज आमच्या पिढीतील कित्येकी आपल्यात नाहीत. ते राहिलेले शब्द त्यांना ऐकवावयास आता उशीर झाला आहे. ज्या आहेत त्यांच्या बाबतीत तरी तो होऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही आज उभ्या राहिलो.

आणखी एक बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर येथील ज्या क्वार्टरांच्या व्हरांड्यांत आम्ही चैत्रांगण रेखाटले, त्या वसाहतींची पुनर्बांधणी २०१६ साली मंजूर झाली. तेथील झाडांच्या तोडीविरुद्ध २०१८ साली नागरिक रस्त्यावर उतरले. निवृत्तीनंतर ती घरे सोडावी लागतात हे आम्हाला ठाऊकच होते, पण घरेच राहणार नाहीत असे वाटले नव्हते. इकडे आमच्या मुली पुण्या-मुंबईस, बंगळूरला, सातासमुद्रापलीकडे नांदत आहेत. त्या माहेरी येतात त्या दिल्लीला! महाराष्ट्रात सासर आणि दिल्लीत माहेर, अशी उलटी गंगा या पन्नास वर्षांत वाहू लागली. परंतु ज्या अंगणात त्या वाढल्या ते अंगण त्यांना दाखविता येत नाही. मग त्यांचे माहेर म्हणजे काय? आमच्या मते ते हे मंडळ. येथे त्यांना नावाने ओळखणारी माणसे आहेत, आणि चैत्रात पन्ह्याचा पेला आहे.

म्हणून तरुण मंडळींना आमची विनंती आहे. नोकरीच्या धावपळीत पुरणपोळी विकत आणावी लागली तर खुशाल आणा, त्यात कमीपणा नाही. मात्र वर्षातून एक दिवस घरातील सर्वांनी, पुरुषांनीही, पोळपाटाशी उभे राहावे. पहिली पोळी, तीही न फाटलेली, घरातील वडीलधाऱ्या बाईच्या ताटात वाढावी. शेजारच्या फ्लॅटचे दार वाजवावे, मग तेथील कुटुंब कोणत्याही प्रांतातले असो. आणि ओठांवर येत नसला तरी कृतज्ञतेचा शब्द तेवढा मोठ्याने उच्चारावा.

आम्हाला सांभाळून घेणाऱ्या या नगरीचे, आमच्या शेजारणींचे, आणि डबे, पिशव्या व सतरंज्या वाहून नेणाऱ्या आमच्या यजमानांचेही आम्ही या व्यासपीठावरून मनःपूर्वक आभार मानतो. आंबेडाळ तयार आहे. कोणीही हळदीकुंकू घेतल्याखेरीज जाऊ नये.

जय हिंद, जय महाराष्ट्र.