निखाऱ्यावर भाजलेलें मांस

विस्तवावर मांस भाजून खाण्याची रीत फार पुरातन आहे. त्याच्या खरपूस वासानें भूक चाळवते, हें खरें. परंतु त्याबरोबर अपायही ताटांत येऊं शकतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

हा अपाय दोन वाटांनीं होतो. चरबी वितळून निखाऱ्यावर ठिबकली म्हणजे धूर उठतो आणि त्यांतील घातक द्रव्यें मांसावर बसतात. शिवाय, प्रखर आंच लागल्यास मांसाच्या अंगच्या घटकांपासूनही तशीं द्रव्यें निर्माण होतात. प्रयोगशाळेंतील प्राण्यांना त्यांपासून कर्करोग झाल्याचें आढळलें आहे. माणसाविषयींचा पुरावा तितका निर्णायक नसला, तरी सावधगिरी बाळगणें शहाणपणाचें.

यास्तव मांसावरील चरबी आधींच काढावी. तुकडे लहान करून दहीं, लिंबू, आलें व लसूण यांत मुरवावे. मुरविल्यानें हीं द्रव्यें कमी होतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर राख धरली म्हणजे ते शेगडीच्या कडेला सारावे व मधल्या जागेवर जाळी ठेवावी. तुकडे वारंवार परतावे. करपलेला भाग काढून टाकावा.

मात्र करपण्याच्या भीतीनें मांस कच्चें ठेवणें हा दुसरा प्रमाद होय. कोंबडीचें मांस आंतून ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेंच पाहिजे. तें प्रथम थोडें वाफवून लागलीच जाळीवर घातल्यास आंतून शिजतें आणि निखाऱ्यावर फार वेळ राहत नाहीं. एवढी दक्षता घेणाऱ्या घरांत मुलांना खरपूस घांस मिळतो, काजळी नव्हे.