टाकलेला ससा

मराठी भाषेंत ‘ससा’ या एकाच शब्दानें दोन निरनिराळ्या प्राण्यांचा निर्देश होतो. माळावरील गवतांतून टुणकन उडी मारून क्षणांत दिसेनासा होतो तोहि ससा. आणि शहरांतील दुकानांत जाळीच्या पिंजऱ्यांत, पांढराशुभ्र व लाल डोळ्यांचा असा विकावयास ठेवलेला असतो तोहि ससाच. इंग्रजींत पहिल्यास हेअर व दुसऱ्यास रॅबिट अशीं स्वतंत्र नांवें आहेत. आपल्याकडे नांव एक, म्हणून स्वभावहि एकच असावा, अशी सहज समजूत होते. आणि या समजुतीचें प्रायश्चित्त एका मुक्या जिवाला भोगावें लागतें.

मुलांची हौस फिटते, वडिलांच्या बदलीचा हुकूम येतो, किंवा घरमालक हरकत घेतो. मग एखादा गृहस्थ तिन्हीसांजेला टोपलींतला ससा टेकडीच्या पायथ्याशीं अथवा सार्वजनिक बागेंत ठेवून येतो आणि घरीं सांगतो, ‘मोकळा सोडला.’ त्याच्या मनांत पाप असतेंच असें नाहीं. रानांतला प्राणी रानांत गेला, असें त्याला प्रामाणिकपणें वाटत असतें. परंतु तो प्राणी त्या रानांतला कधीं नव्हताच. त्याच्या बाबतींत ‘सोडला’ हा शब्द लागू पडत नाहीं. ‘टाकला’ हाच शब्द खरा.

आपल्या रानांतला ससा तपकिरी रंगाचा असतो. तो बीळ करून राहत नाहीं. गवतांतल्या उथळ खळगींत अंग चोरून बसतो आणि प्रसंग पडल्यास वाऱ्यासारखा धांवतो. त्याचें पिलूं जन्मतांच केंसाळ असतें व त्याचे डोळे उघडे असतात. पिंजऱ्यांतल्या सशाचें मूळ मात्र स्पेन-पोर्तुगालकडील भूमींत आहे. तेथील बिळांत राहणाऱ्या रानटी जातीपासूनच माणसानें पांढरे, काळे, ठिपकेदार असे सर्व पाळीव ससे निपजविले. त्यांचीं पिलें बिळाच्या आंत उघडींबोडकीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. असा प्राणी बागेंत टाकला, तर त्याचा पांढरा रंग हिरवळीवर कुत्र्यामांजरांना आणि घारींना दुरूनच दिसतो. तयार बीळ नसतें, शत्रु कोण हें ठाऊक नसतें, आणि वैशाखांतील दुपार तर त्याला शत्रूपेक्षांहि घातक ठरते. कारण अंगाला घाम येऊन थंड होण्याची सोय त्याच्यापाशीं नाहीं.

‘जगेल तर जगेल,’ असें म्हणून हात झटकणाऱ्यांनीं ऑस्ट्रेलियाचा इतिहास आठवावा. १८५९ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत टॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून आणविलेले सुमारे २४ ससे मोकळे सोडले. पुढें त्यांच्या संततीनें गवत आणि पिकें यांचा असा फडशा पाडला कीं, १९५० सालीं सशांमध्यें मुद्दाम रोग पसरवून त्यांचा संहार करण्याची पाळी त्या देशावर आली. परका प्राणी रानांत सोडला तर एक तर तो मरतो, नाहीं तर तें रान मरतें.

आतां अशा टाकलेल्या सशाला ज्याच्या दृष्टीस तो पडला त्याचा विचार करूं. संध्याकाळीं फिरावयास निघालेल्या कुटुंबाला तो झुडपाखालीं बसलेला दिसतो. मुलगी म्हणते, ‘बाबा, घरीं नेऊं या.’ आईच्या डोळ्यांपुढें घरांतली अडचण उभी राहते. वडील मनांत खर्चाचा हिशेब मांडतात. आजी म्हणते, ‘मुका जीव आहे, पण उद्यां निस्तरणार कोण?’ यांपैकीं कोणीहि निर्दय नसतो. घोटाळा होतो तो असा कीं, त्यांच्यापुढें दोन प्रश्न असतात आणि तीं माणसें त्यांना एकच समजतात. उचलावा काय, हा एक प्रश्न. आणि पाळावा काय, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर अवघड असतें, म्हणून पहिल्यालाहि ‘नको’ असें उत्तर दिलें जातें, आणि तेवढ्या वेळांत अंधार पडतो. वास्तविक पहिल्या प्रश्नाला एका संध्याकाळची दया पुरते. दुसऱ्याला पुष्कळ वर्षांचा विचार लागतो.

पहिल्या प्रश्नांत पाहावयाचें तें इतकेंच, कीं समोरचा प्राणी पाळीव आहे ना. माळावर गवतांत एकटें बसलेलें तपकिरी पिलूं पोरकें नसतें. त्याची आई शत्रूचें लक्ष वेधूं नये म्हणून दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजावयास येते. तें उचलणें म्हणजे दया नव्हे, अपहरण होय. आणि वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ याअन्वयें रानसशाला धरून ठेवतांहि येत नाहीं. परंतु पांढरा, काळा-पांढरा किंवा लोंबत्या कानांचा ससा उघड्यावर दिसला, तर तो माणसाच्या घरांतूनच आलेला असतो. त्याला तेथें राहूं देणें म्हणजे टाकणाराचें काम पुरें करण्यासारखें आहे. तो उचलावा.

उचलण्याचीहि रीत आहे. त्याच्यामागें धांवूं नये. दोघांतिघांनीं चादर किंवा पुठ्ठे आडवे धरून हळूहळू त्याचा वावर आंखडता करावा, आणि आडवी ठेवलेली टोपली किंवा खोकें, आंत कोथिंबिरीच्या चार काड्या टाकून, त्याच्यापुढें करावें. कान धरून उचलण्याची चित्रांतली पद्धत क्रूर आहे. एक हात छातीखालीं व दुसरा मागल्या पायांखालीं घेऊन त्याला अंगाशीं धरावें. मागले पाय अधांतरीं राहिले, तर तो इतक्या जोरानें झटका देतो कीं त्याचाच कणा मोडण्याचा संभव असतो.

घरीं आणल्यावर शांत व गार कोपरा, पसरट भांड्यांत पाणी आणि भरपूर गवत एवढें पुरे. पोळी, बिस्किटें, भात यांपैकीं कांहीं देऊं नये. गाजरहि कौतुकापुरतेंच द्यावें. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात व गवत चावूनच ते झिजतात. त्याचें आंतडेंहि गवतानेंच चालतें राहतें. अर्धा दिवस त्यानें तोंडांत कांहीं घेतलें नाहीं, तर ‘बुजला असेल’ म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावें, आणि तोहि सशांची माहिती असलेला पाहावा. घरांतलें औषध तर चुकूनहि देऊं नये. पेनिसिलिनच्या वर्गांतील औषधें तोंडावाटे दिल्यास सशाच्या जिवावर बेततात. त्याच वेळीं शेजारीपाजारीं आणि पहारेकऱ्यांपाशीं चौकशी करावी, चिठ्ठी लावावी. कारण प्रत्येक ससा टाकलेलाच असतो असें नाहीं, एखादा चुकून निसटलेलाहि असतो.

यानंतर दुसऱ्या प्रश्नाची वेळ येते. तो रात्रीच्या रडारडींत न सोडवितां दुसऱ्या दिवशीं दिवसाउजेडीं सोडवावा. नीट ठेवलेला ससा आठ-दहा वर्षें जगतो. आज हट्ट धरणारी सहावींतली मुलगी तोंवर महाविद्यालयांत गेलेली असेल. मग गवत कोण आणील? गणपतींत सारें घर गांवीं गेलें तर त्याच्याकडे कोण पाहील? उन्हाळ्यांत त्याच्यासाठीं गार जागा आहे काय? घरांत कुत्रा आहे काय? एकटा कंटाळेल म्हणून जोडी आणली, तर सशीचे गर्भाचे दिवस अवघे एक महिन्याचे असतात, आणि विल्यानंतर लागलीच ती पुन्हां गाभण राहूं शकते, हें ध्यानांत घ्यावें लागेल. या प्रश्नांचीं उत्तरें ज्या घराला देतां येतील, त्यानें तो आनंदानें पाळावा. ज्याला देतां येणार नाहींत, त्यानें ‘नाहीं’ म्हणण्यांत कमीपणा मानूं नये.

मात्र तें ‘नाहीं’ त्याला पुन्हां त्याच बागेंत नेऊन सोडणारें नसावें. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० यानें प्राण्याला उपासमार घडेल अशा स्थितींत विनाकारण टाकून देणें हा अपराध ठरविला आहे. आणि कायदा पहिला धनी व दुसरा धनी असा भेद करीत नाहीं. मुंबईंत प्राण्यांच्या छळाच्या प्रतिबंधासाठीं १८७४ सालीं संस्था निघाली. तेव्हांपासून अशा कार्याला इकडे परंपरा आहे. अशा संस्थेकडे आधीं विचारणा करावी, किंवा ओळखीच्या भरंवशाच्या घरीं ससा द्यावा. देतांना त्याच्या आहाराची माहिती द्यावी आणि महिन्याभरानें एकदां स्वतः जाऊन पाहून यावें. नवें घर मिळेपर्यंतचे दिवस त्याला सांभाळणें, एवढेंच त्या कुटुंबाचें कर्तव्य. पण तेवढें तरी पुरतेंपणीं करावें.

जातककथेंतल्या सशानें अतिथीला देण्याजोगें कांहीं जवळ नाहीं म्हणून स्वतःचा देहच अर्पण केला, आणि त्याची आठवण म्हणून चंद्रावर त्याची आकृति उमटली, असें सांगतात. माणसाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाहीं. एक टोपली, मूठभर गवत आणि खरेपणानें दिलेलें एक उत्तर, इतकेंच त्याच्याकडून हवें असतें. ज्या मुलीनें हट्ट धरला होता ती हें सर्व पाहत असते. ससा घरीं राहिला काय आणि दुसरीकडे गेला काय, दया आणि जबाबदारी या दोहोंचा संबंध काय, हें ती त्या आठवड्यांत शिकते. आणि कोणताहि प्राणी विकत आणण्यापूर्वीं तो प्रश्न ती स्वतःला विचारील.