विकार की स्वभाव?

मंडळी, आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. आमच्या वर्गातला एक मुलगा कुणाच्या नजरेला नजर देत नसे. घंटा वाजली की कान झाकी. पण एस.टी.च्या साऱ्या वेळा त्याला तोंडपाठ! आम्ही त्याला शिष्ट म्हटले, छड्या मारल्या. आम्ही चुकलो.

अशा घडणीला डॉक्टर स्वमग्नता म्हणतात. ती जन्मापासून असते. आईबापांचा त्यात दोष नाही. सन २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात तिचे नाव आहे.

मग ती थोडीशीच असली, तर विकार म्हणावा की स्वभाव? आम्ही सांगतो, जिथे मुलाचे अडते तिथे डॉक्टरांना दाखवा, मदत करा. जिथे अडत नाही, तिथे तो त्याचा स्वभाव समजा. घंटेचा त्रास होतो ना? मग त्याला लांब बसवा. छडी मात्र नको!