सोने सरल्यावर

बंगारपेठच्या स्थानकावरून आगगाडीचा एक लहानसा फाटा फुटतो आणि मारिकुप्पमला जातो. हेच कोलारचे सुवर्णक्षेत्र. गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतात त्या करड्या, उघड्या टेकड्या. त्या निसर्गाने रचलेल्या नव्हेत. खडक दळून, सायनाइडच्या पाण्याने त्यातील सोने काढून घेतल्यावर उरलेली ही रेती आहे. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते.

१८८० साली जॉन टेलर यांच्या इंग्रज कंपनीने येथे काम आरंभिले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्रम् येथून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून या खाणींसाठी वीज आणली गेली. साहेबांचे बंगले उभे राहिले, क्लब निघाले. तमिळ मुलखातून आलेल्या मजुरांच्या वाट्याला मात्र खुराड्यांसारख्या खोल्यांच्या चाळी आल्या. चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरांहूनही खोल गेली. तळाशी खडक साठ अंशांपलीकडे तापलेला असे. पोखरलेल्या डोंगराचा भार असह्य झाला की तो खडक अकस्मात फुटे आणि माणसे गाडली जात.

या अंधाराने विज्ञानालाही साहाय्य केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह १९६५ साली याच खाणीत वातावरणातील न्यूट्रिनोंचा माग काढला. वरच्या जाड खडकामुळे इतर किरण अडत, म्हणून ते साधले.

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या, पुढे केंद्राकडे गेल्या. परंतु खडकातील सोन्याचा अंश घटत गेला आणि खोलीबरोबर खर्च वाढला. सुमारे आठशे टन सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पाणी उपसणारे यंत्र थांबले. विवरे पाण्याने भरली.

गाव मात्र उठून गेले नाही. पहाटे अंधारातच मारिकुप्पमची गाडी भरते. आजोबा ज्या वेळी पाळण्यात बसून खाली उतरत, त्या वेळी नातू बंगळूरच्या नोकरीसाठी डब्यात जागा शोधतो. रात्री तो परततो, तेव्हा लेकरे निजलेली असतात.

गोव्यातील श्रोत्यांना हे चित्र परके वाटणार नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली तेथील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांकडे पाहत कित्येक कुटुंबांनी दिवस काढले.

खाण एक दिवस संपणार, हे पहिली कुदळ पडते तेव्हाच ठाऊक असते. भूगर्भातील साठ्याचा हिशेब मांडला जातो. नफ्याचाही मांडला जातो. त्याच वहीत पहिल्याच दिवशी आणखी एक पान हवे: खनिज सरल्यावर या मुलांनी काय करावे? कोलारला ते पान कोरेच राहिले. म्हणून तेथील पहाटेची गाडी आजही इतकी भरून जाते.