मागे राहिलेला विद्यार्थी आणि मुख्याध्यापकाचे नेतृत्व



सह्याद्रीच्या माथ्यावर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी वसलेला गगनबावडा तालुका त्याच्या मुसळधार पावसासाठी प्रसिद्ध आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही त्याच महिन्यात. वाडीवस्तीवरून ओढे ओलांडून येणाऱ्या मुलांचे खाडे पहिल्याच सत्रात पडतात. ज्या धड्यांवर वर्षाचा पाया उभा राहावयाचा, नेमके तेच बुडतात. वर्ग पुढे सरकतो, मूल मागे राहते आणि ‘कच्चा’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसतो.

या मुलखाला शिक्षणाची थोर परंपरा लाभली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र डॉ. जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. माध्यमिक शाळेशी आसपासच्या प्राथमिक शाळा जोडणारी ‘शाळा संकुला’ची कल्पना याच आयोगाने मांडली. डोंगरी भागाला ती आजही उपयुक्त आहे. कारण नववीत अडलेल्या मुलाचा कच्चा दुवा पुष्कळदा चौथी-पाचवीच्या भागाकारात किंवा वाचनात सापडतो.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु हा अधिनियम आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या मुलाला सावरणे बव्हंशी मुख्याध्यापकाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून राहते.

त्यासाठी प्रथम नैदानिक चाचणी हवी. तिचे गुण देऊ नयेत. मूल कोणत्या पायरीवर अडले एवढेच टिपावे. त्यानुसार लहान गट पाडावेत आणि उपचारात्मक तासिका वेळापत्रकातच बसवावी. शाळा सुटल्यावर ती ठेवली, तर शेवटच्या एस. टी. ने जाणारे मूल, म्हणजे ज्याला तिची सर्वाधिक गरज तेच, तिला मुकते. हा वर्ग सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. मुख्याध्यापकाने स्वतः एक गट शिकविला, तर या कामाची प्रतिष्ठा आपोआप वाढते. दर पंधरवड्याला प्रगती पाहावी व दुवा सांधलेल्या मुलास गटातून मोकळे करावे, म्हणजे शिक्का कायमचा राहणार नाही.

दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली. निकाल आणि ही परीक्षा यांत थोडेच आठवडे मिळतात. त्या दिवसांत शाळेचे दार उघडे असेल, तर मुलाचे वर्ष वाचते. ते बंद असेल, तर पुष्कळांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण तेथेच संपण्याचा धोका असतो.

येथे पंचायतीचेही कर्तव्य आहे. ओढ्यावरील साकव पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करणे, सायंकाळच्या अभ्यासासाठी समाजमंदिर खुले ठेवणे, गैरहजर मुलाच्या घरी सदस्याने जाऊन चौकशी करणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत.

शाळेची कीर्ती पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यामुळे पसरते हे खरे. पण शाळेची कसोटी शेवटच्या बाकावर लागते. तेथील मूल दहावीचा उंबरठा ओलांडेल, तेव्हाच शाहूंच्या या भूमीतील शिक्षणाचे कार्य पूर्णत्वाकडे गेले असे म्हणता येईल.