कागदी चलनाची घसरण : भार कोणावर?



नोटेमागे सोने नसले म्हणजे तिचे मूल्य बुडणारच, असा एक समज रूढ आहे. जर्मनीचा १९२३ चा अनुभव तपासला तर हा समज अपुरा ठरतो. खर्चाचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाला राज्यकर्ते बगल देतात आणि छापखान्याकडे वळतात, तेव्हा नोट बुडते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच नोटेच्या बदल्यात सोने देणे जर्मनीने थांबविले. युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जे काढून भागविला. पराभवानंतर युद्धभरपाईचे ओझे आले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमच्या फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. सरकारने असहकार पुकारला आणि काम बंद केलेल्या कामगारांना पोसण्यासाठी आणखी नोटा छापल्या. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२३ मध्ये सरासरीने सुमारे १८ हजार, तर नोव्हेंबरमध्ये ४.२ लाख कोटी!

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. १९२० पासून कामगाराच्या वेतनातून १० टक्के आयकर आधीच कापला जाई. कारखानदार मात्र आपला कर पुष्कळ उशिरा, मातीमोल झालेल्या नोटांत भरीत. ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतींनी कर्जे काढून खाणी व कारखाने घेतले. फेडीच्या वेळी ती कर्जे नाममात्र उरली. सरकारचे सुमारे १५,४०० कोटी मार्कांचे युद्धकर्ज १९१४ च्या हिशेबाने अवघ्या १५ फेनिगांवर आले. ज्या मध्यमवर्गीयांनी देशभक्तीपोटी ते रोखे घेतले होते, त्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. कामगार संघटनांचे निधीही आटले.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटनमार्क आला. एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक रेंटनमार्क, असा दर ठरला. त्यामागेही सोने नव्हते. जमीन व उद्योग यांचे तारण कागदोपत्री होते. खरा आधार होता तो नोटांच्या संख्येवर व सरकारला मिळणाऱ्या कर्जावर घातलेल्या मर्यादेचा. त्या मर्यादेने मार्क सावरला. परंतु याही स्थैर्याची किंमत श्रमिकांनीच मोजली. सरकारी नोकरांची मोठी कपात झाली. १९१८ च्या क्रांतीने मिळवून दिलेला आठ तासांचा दिवस डिसेंबर १९२३ च्या वटहुकमाने शिथिल झाला. दहा तासांच्या दिवसाला वाट मोकळी झाली.

चलनवाढ हा कोणत्याही संसदेने मंजूर न केलेला कर आहे, आणि तो दुबळ्यांकडून आधी वसूल होतो. म्हणून ‘चलनवाढ थांबवा’ एवढी मागणी पुरेशी नाही. ती कोणाच्या खर्चाने थांबवणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे. जर्मनीत तो वेळेवर विचारला गेला नाही. म्हणून नोटा बुडताना जे भरडले गेले, तेच नोटा सावरतानाही भरडले गेले.