घोड्याचे पाय

जपानच्या काबुकी रंगभूमीवर घोडा अवतरतो, तेव्हा त्याच्या कातड्याखाली दोन नट दडलेले असतात. पाठीवर सरदार विराजमान, टाळ्या त्याच्या. ‘घोड्याचे पाय’ हा शब्दप्रयोगच तेथे दुय्यम नटाविषयी रूढ झाला. थोर भूमिका घराण्यांत वंशपरंपरेने चालत येतात. १९७० पासून तेथील राष्ट्रीय नाट्यगृहाने घराण्याबाहेरील तरुणांना शिक्षण देण्यास आरंभ केला. तथापि त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास लहान भूमिकाच येतात.

असे नट शोधण्यास जपानला जाण्याचे कारण नाही. बालाघाटची वैनगंगा पुढे झाडीपट्टीत उतरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, खालचा भंडारा-चांद्याचा मुलूख मुंबई राज्यात गेला. नदी मात्र एकच. धानाची कापणी आटोपली की तेथे गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे या मंडळ्यांचे केंद्र. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचा यथोचित गौरव झाला.

परंतु नायकाशेजारचा शिपाई, पाटलाचा गडी, दोन वाक्ये बोलून जाणारा सावकार यांचे काय? त्यांना घराण्याचे बंधन नाही, तसा घराण्याचा आधारही नाही. हंगाम सरला की त्यांपैकी पुष्कळ जण शेतावर परततात. त्यांची कला कागदावर उतरत नाही. माणसाबरोबर येते नि माणसाबरोबरच जाते. त्यांची नोंद ठेवणे हे रसिकांचे कर्तव्य होय. कारण पाय थबकले, तर सरदाराची स्वारी पुढे सरकत नाही.